सव्वा मूठ गहू

जळगाव, २ जुलै १९५६

चि. लीलाधर,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनात नाही.

काल रविवारी दुपारच्या खेळाला मी शेजारच्या इंदिराबाईंबरोबर सिनेमाला गेले. त्या म्हणाल्या, नवीन मराठी बोलपट आलाय, 'दोन दारांचं घर', हसून हसून पोट दुखतं म्हणे. मला काय माहीत? पडद्यावर नावं आली तेव्हा 'कथा : ली. तो. चौधरी' असं दिसलं, तरी मला वाटलं दुसरा कोणी असेल. मग ते घर आलं. घराच्या मधोमध भिंत. भिंतीच्या एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला म्हातारी. वाटणीत म्हातारा धाकट्याला आला आणि म्हातारी थोरल्याला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

लीलाधर, तू आपले आबा विकलेस. मायला विकलंस. पंचांनी आपल्या घरात जे केलं ते तू चार आण्यांच्या तिकिटावर लोकांना दाखवलंस. म्हातारी भिंतीतल्या भोकातून भाकरी पलीकडे सरकवते तेव्हा सगळं थिएटर हसलं. आबांना अशीच भाकरी जात होती, दोन वर्षं, कारण तू धुळ्याला मास्तरकी करत होतास आणि तुझ्या वाट्याच्या अर्ध्या घरात त्यांना करून घालायला कोणी नव्हतं. आणि तुला खरं सांगते, त्या भाकरीला मीसुद्धा हसले. तो नट म्हातारा तोंड वाकडं करून भाकरीचा वास घेतो ना, तेव्हा हसले. घरी येऊन मला स्वतःची इतकी चीड आली की मी रात्रीचं जेवले नाही.

इंदिराबाई मध्यंतरात म्हणाल्या, "कुंदाबाई, हे तुमच्या आबांसारखं वाटतं नाही का हो?" मी म्हटलं, नाही, आमचे आबा उंच होते.

आता मुद्द्याचं ऐक. आबा गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून श्रावणात कानबाईमातेच्या रोटाला तुझी मूठ काढली जात नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो, त्याचं पीठ होतं, त्याचे रोट होतात, आणि ज्याची मूठ नाही तो त्या घरचा नाही, हे तुला मी सांगायला नको. थोरला जीवरामभाऊ दर श्रावणात मायला सांगतो, लिल्याची मूठ काढशील तर मी जातं उचलून ओट्यावरून फेकीन. मायही गप्प बसते. चार वर्षं मी त्या घरी जाऊन दोघांच्या हातापाया पडते आहे. का? तू लाडका म्हणून नव्हे. तुला पोर झालं तर त्याची मूठ राहावी म्हणून. आता मुलगा झालाच. भाऊला तिन्ही मुलीच. तुझा अभिमन हा त्या घरचा एकुलता एक नातू, आणि बापाचीच मूठ नाही तर त्याची कुठली? वैशाखात आखाजीच्या सणाला भाऊ पहिल्यांदा म्हणाला, "पाहू, श्रावन येऊ दे." चार वर्षांत एवढं एक वाक्य मी त्याच्या तोंडून काढलं होतं. आणि आता तू हा सिनेमा आणून ठेवलास.

भाऊने अजून पाहिलेला नाही. पाहील तेव्हा मी तुझ्यासाठी एक शब्द बोलणार नाही.

तुझी अक्का,
कुंदा


देवपूर, धुळे
७ जुलै १९५६

तीर्थस्वरूप कुंदाअक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. रुख्मालाही वाचून दाखवलं. ती रडली, मी नाही रडलो.

अक्का, गोष्ट ही गोष्ट असते. त्यात कोणाचं नाव नाही, गाव नाही, म्हातारा ठेंगणा आहे हे तू स्वतःच इंदिराबाईंना सांगितलंस. मी ती शाळेच्या गॅदरिंगसाठी नाटुकली म्हणून लिहिली होती. पुण्याच्या कंपनीचे एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते, त्यांना आवडली. मी काय म्हणायला हवं होतं? नको, आमचं घर झाकून ठेवायचं आहे? कोणी झाकलं होतं ते? आबांची तिरडी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अडली होती तेव्हा अख्खं जुनं जळगाव आपल्या गल्लीत उभं होतं. तेव्हा तिकीट नव्हतं एवढाच फरक.

आणि हसले तर काय बिघडलं? इथे पहिल्या दिवशी आमच्या शेजारचे छगन तेली मला म्हणाले, "मास्तर, हाई तुमना घरनी गोट शे का? बठ्ठा लोक हासी राह्यनात, पण मन्ही माय रडी राह्यनी व्हती." सगळे हसत होते आणि त्यांची आई रडत होती, हे मला मोठं वाटतं. ज्यांच्या घरात वाटण्या झाल्या त्यांना ते कळतं.

मी खोटं काय लिहिलं ते सांग. भाऊने माझ्या मागच्या दारासमोर गल्लीत बैलगाडी आडवी लावली होती की नाही? गाडीचं एक चाक काढून घरात नेऊन ठेवलं होतं की नाही? बाप माझ्या वाट्याचा, माझ्या घरात गेला, तो माझ्या दाराने निघायला हवा होता. भाऊला मात्र बाप त्याच्याच पुढच्या दाराने न्यायचा होता, म्हणजे गावाला दिसावं की वारस कोण. हे मी दाखवलं. थोरल्याचं काम करणाऱ्या नटाने ते चाक मांडीवर घेऊन बसायची जागा स्वतःच सुचवली, ती मात्र मला फार आवडली.

भाऊने सिनेमा पाहिलाच तर त्याला म्हणावं, तुझा नट माझ्या नटापेक्षा देखणा आहे.

माझ्या मुठीचं मला काही वाटत नाही. अभिमनच्या मुठीचं वाटतं. तो पोरगा दहा महिन्यांचा आहे, त्याने कोणाची गाडी आडवी लावली? त्याच्यासाठी तू बोलशील अशी आशा आहे.

तुझा,
लीलाधर


जळगाव, ११ जुलै १९५६

लीलाधर,

मी खोटं काय लिहिलं ते सांग, म्हणतोस. सांगते. बस आणि वाच. रुख्मालाही वाचून दाखव, वगळू नकोस.

सिनेमात थोरला चाक मांडीवर घेऊन बसतो, ते खरं. तसाच बसला होता भाऊ, ओट्यावर, आणि विड्या ओढत होता. मेला तो, त्याची मी बाजू घेत नाही. पण सिनेमातला धाकटा काय करतो? बापाच्या उशाशी बसतो, डोळे पुसतो, आणि शेवटी हातात पहार घेऊन "माणसं जोडायला भिंत फोडावी लागते" असं काहीतरी बोलून भिंत फोडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागे एकजण शिटीसुद्धा वाजवत होता.

तू भिंत फोडलीस? लीलाधर, कोणाची रे पहार? कोणाचे हात?

आबांचं जास्त आहे म्हणून तू धुळ्याहून आलेला होतास. त्या दिवशी सकाळी ते गेले तेव्हा तू मागच्या दाराला आतून कडी लावलीस. भाऊ पलीकडून त्या भाकरीच्या भोकाला तोंड लावून ओरडत होता, की भिंत पाडा, बाप माझ्या दाराने काढा. तू आतून म्हणालास, भिंत अर्धी माझी आहे, हात लावाल तर पाहा. आणि मग त्याचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून तू भोकात वीट ठोकलीस.

भाऊचं ओरडणं बंद झालं असेल. पण त्याच भोकाशी पलीकडे माय बसली होती. रात्रभर तिथूनच ती विचारत होती, "कसं वाटतं हो? पानी देऊ का?" आबा गेले हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, भाऊच्या ओरडण्यातून तिने ते धरलं नव्हतं. वीट बसली तेव्हा तिला कळलं. नवरा चार हातांवर मरून पडलेला, आणि तिला त्याचं तोंड दिसेना, कारण एका लेकाने गाडी लावलेली आणि दुसऱ्याने वीट. सकाळपासून दुपारपर्यंत ती त्या विटेवर हात आपटत होती. तिच्या तळहाताची कातडी गेली होती. मला निरोपच उशिरा मिळाला, मी सासरच्यांबरोबर दीड वाजता पोचले तेव्हा मी ते हात पाहिले.

भाऊच्या गोठ्यातून पहार मी आणली. भिंत मी फोडली. आधी तुझी वीट, मग बाकीची. बाईमाणसाने भिंत पाडायची नाही म्हणत भाऊ आडवा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, बाजूला हो नाहीतर ही तुझ्या पायावर पडेल. माय त्या भगदाडातून गुडघ्यांवर सरपटत आत गेली. तू तेव्हाही म्हणत होतास, "अक्का, माझी भिंत." हे तुझे शब्द. माझ्या कानात अजून आहेत.

मग बापाला भाऊच्या दाराने काढलं, कारण गाडी हलवेपर्यंत रात्र झाली असती. आणि तू गाडीवरून उडी मारून मोटार स्टँडवर गेलास आणि धुळ्याला निघून गेलास. दहाव्याला आला नाहीस. रोटातून तुझी मूठ गेली ती भाऊने फक्त तोंडाने घालवली, खरी तूच घालवलीस.

तू आम्हाला चव्हाट्यावर आणलंस म्हणून मी चिडले असं तुला वाटतं. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. मग मी परवा पुन्हा एकटी जाऊन पाहिला. तू आम्हाला पुरतं आणलंच नाहीस! सिनेमात बहीण नाहीच. मुळात नाही. आईला दोनच लेकरं. वीटही नाही. भोक आहे, भाकरी आहे, हशा आहे, पण वीट कुठे गेली? सगळ्यांची सोंगं काढलीस आणि स्वतःला तेवढा न्हाऊ घालून, पहार हातात देऊन उभा केलास.

तुझ्या आणि भाऊत मला आता फरक दिसत नाही. त्याने निदान पहार माझ्या हातातून घेतली नव्हती.

कुंदा


देवपूर, धुळे
२० जुलै १९५६

ती. अक्का,

पत्र मिळालं. आठ दिवस उत्तर लिहिता आलं नाही. रुख्मा माझ्याशी बोलत नाही, कारण तिला ते वाचून दाखवावं लागलं. तिला विटेचं माहीत नव्हतं.

पहारीबद्दल एवढंच सांगतो. माझ्या मूळ नाटुकलीत बहीण होती. कंपनीवाले म्हणाले, बाईमाणूस भिंत फोडतं हे लोकांना पटणार नाही, हसण्यावारी नेतील. मी हो म्हणालो. चूक झाली म्हण. पण मी लिहिलीच नव्हती असं नाही. शाळेत माझ्याच वर्गातला एक मुलगा लुगडं नेसून तुझं काम करत होता आणि त्याला पहार उचलवत नव्हती, म्हणून आम्ही पुठ्ठ्याची केली होती.

वीट मात्र मूळ नाटुकलीतही नव्हती. तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. बत्तीस वर्षांचा होतो, बाप समोर पडलेला होता आणि भाऊ पलीकडून मला शिव्या देत होता. तुझ्यावर अशी वेळ आली नाही म्हणून तुला मोठं बोलता येतं.

आता खरी बातमी ऐक, आणि मग मला दोष दे. जीवरामभाऊचं पत्र आलंय! चार वर्षांत पहिलं. भाऊला कोणीतरी सिनेमाला नेलं. मला वाटलं होतं, आता तो दांडकं घेऊन धुळ्याला येतो. त्याने लिहिलंय की सिनेमा त्याला फार आवडला. तीनदा पाहिला. शेवटी आई दोघा भावांचे हात एकमेकांच्या हातात देते आणि "बाळांनो, मी तुम्हाला माफ केलं" म्हणते, तिथे तो रडला म्हणे. आता झालं गेलं विसरू, रोटाला अभिमनला घेऊन ये, तुझी आणि त्याची मूठ काढायला मी स्वतः मायला सांगेन, असं त्याच्या स्वतःच्या हाताने लिहिलंय.

तू चार वर्षं हातापाया पडत होतीस. माझ्या सिनेमाने ते अडीच तासांत केलं. याचं श्रेय तू मला देणार नाहीस हे मला माहीत आहे.

लीलाधर


जळगाव, २५ जुलै १९५६

लीलाधर,

मुद्दाम कार्डावर लिहिते. पोस्टमन वाचेल तर वाचू दे, तू काय त्याच्यापासून शिल्लक ठेवलंयस?

भाऊचं इथे जे चाललंय ते तू पाहायला हवंस. तो रोज कोणाला तरी सिनेमाला नेतो. परवा भाऊबंदांतल्या चार जणांना नेलं आणि चाक मांडीवर घेण्याच्या वेळी मोठ्याने म्हणाला, "हा मी हाय." लाज म्हणून नाही, ऐट म्हणून! चुलतभाऊ चुडामणने विचारलं, "जीवराम, तुले काही वाटत नाही का?" तर म्हणे, "वाटाचं काय? मायनं शेवटी माफच केलं ना. सगळ्या गावानं पाह्यलं." त्याच्या लेखी ते खरंच झालेलं आहे. सिनेमातल्या बाईने डोळ्यांत ग्लिसरीन घालून माफी दिली, आणि हा मोकळा झाला. तूही मोकळा झालास. दोघे भाऊ कधी नव्हे ते एका मताचे झालात, ते त्या नटीच्या एका वाक्यावर.

मायला कोणी विचारलं? तू लिहिण्याआधी विचारलंस? भाऊने तुला बोलावण्याआधी विचारलं?

सुपातून मूठ मायच्या हाताने निघते, तुझ्या किंवा भाऊच्या हाताने नव्हे. ती या श्रावणात काय करेल ते मला ठाऊक नाही. ती अजून काही बोलली नाही. काल फक्त मला म्हणाली, "कुंदे, जीवराम मले रोज म्हनतो, माय तू किती चांगली वं. काय झालं त्याले? असं काय हाये त्या सिनेमात? मले दाखव."

तिने जन्मात सिनेमा पाहिलेला नाही. नेऊ का?

कुंदा


देवपूर, धुळे
१ ऑगस्ट १९५६

ती. अक्का,

मायला नेऊ नकोस. हात जोडून सांगतो. तिचं वय झालं, अंधारात तिला घाबरल्यासारखं होईल, तिला त्यातलं काही कळायचंही नाही. आणि आता सगळं जुळत आलंय. दहा दिवसांसाठी तू ते मोडू नकोस. रोट होऊन जाऊ दे, मग काय दाखवायचं ते दाखव.

रुख्मा आणि अभिमनला शुक्रवारी, १० तारखेला सकाळच्या मोटारीने पाठवतो. एरंडोलला मोटार बदलावी लागते, तेव्हा तिला दुपार होईल. मला येता येणार नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत मोठा कार्यक्रम आहे, मुलांच्या तालमी माझ्याकडे आहेत. भाऊला आणि मायला तसं सांग. माझी मूठ मी नसताना काढली तरी चालते, बाहेरगावी असलेल्यांची काढतातच.

पुन्हा सांगतो, नेऊ नकोस.

लीलाधर


जळगाव, १३ ऑगस्ट १९५६

लीलाधर,

रुख्मा आणि अभिमन अजून इथे मायजवळ आहेत. मायने ठेवून घेतलंय. पोरगं खुशाल आहे. म्हणून झालेलं सगळं तुला मीच कळवते.

तू नको म्हणालास म्हणून मी मायला नेलं. तुला भीती कशाची होती ते मला पत्र वाचतानाच कळलं. म्हातारी अंधाराला घाबरेल याची नव्हती.

गुरुवारी तीनच्या खेळाला गेलो. बायकांच्या बाकांवर मी तिला कडेला बसवलं. ती घाबरली नाही. घर आलं, भिंत आली. भोकातून भाकरी गेली आणि सगळे हसले, तेव्हा तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "आधी भाकर नव्हती देत मी. आधी पानी देत व्हती. त्यांले ठसका लागे." एवढंच. मी तोंडात पदर कोंबला.

म्हातारा मेला. थोरल्याने चाक मांडीवर घेतलं. माय पुढे वाकून पाहत होती. बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "वीट कवा लावतो?" मी म्हटलं, माय, यात वीट नाही. "नाही? मंग ती बाई हात कशावर आपटल?" मी म्हटलं, ती हात आपटतच नाही. माय मागे टेकून बसली. मग धाकट्याने पहार उचलली. तिने माझ्याकडे पाहिलं. "हे काम तं तुहं व्हतं." लीलाधर, चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ते म्हणालं.

आणि मग तो शेवट. पांढरं लुगडं नेसलेली ती नटी दोघांचे हात धरते, बाजा वाजायला लागतो, आणि ती म्हणते, "बाळांनो, मी तुम्हाला माफ केलं."

माय उभी राहिली. मी पदर ओढला तरी बसेना. पडद्याकडे हात करून ओरडली, "खोटं! मी नाही केलं! कवा केलं रे मी? सांग, कवा केलं?"

लोक वळून पाहायला लागले. खालून कोणीतरी ओरडलं, बसा हो आजी. ती बसली नाही. "ही कोन बाई? इले कोनी सांगलं?" डोअरकीपर बत्ती घेऊन आला. मी तिला धरून बाहेर आणलं. मागे लोक हसत होते. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सिनेमा आणि खरं यातलं कळत नाही. त्या अख्ख्या थिएटरात ते कळणारी तीच एकटी होती.

टांग्यात ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिचे हात मी घरापर्यंत धरून बसले.

शुक्रवारी दुपारी रुख्मा आली. शनिवारी नागपंचमी, तेव्हा दळण करायचं नाही म्हणून गहू शुक्रवारीच काढायचा होता. भाऊ आंघोळ करून, नवी टोपी घालून पाटावर बसला. तुझ्यासाठी रिकामा पाट त्याने स्वतःच मांडला होता. भाऊबंदांना हौसेने बोलावलं होतं, म्हणे समेट पाहायला या. चुडामण, त्याचे दोघे मुलगे, गल्लीतल्या बायका, असे वीसेक जण. वहिनीने सूप पुढे ठेवलं. मायने हात धुतले.

तिने अभिमनला रुख्माकडून मांडीवर घेतलं. एक मूठ सुपात टाकली. वर पाव मूठ टाकली. मग पोत्याचं तोंड बांधलं आणि सूप वहिनीकडे सरकवलं. "जा, दळून आन."

कोणाला काही कळेना. भाऊला वाटलं ती विसरली. तो हसत म्हणाला, "माय, माही राह्यली. आन् लिल्याची."

माय म्हणाली, "घरात गडीमानसं किती?"

"तीन."

"एक," माय म्हणाली. "बाकीचे दोघं दारांचे हाये. ज्याच्या त्याच्या दाराले मांगा रोट."

भाऊ उठून उभा राहिला. चेहरा तांबडालाल. म्हणाला, वीस माणसांत माझी इज्जत काढतेस? मी तुला दोन वेळ खायला घालतो. जातं फेकीन म्हणून गेला आणि जात्याला हात घातला, पण वहिनी जात्यावर पाय पसरून बसली होती आणि उठली नाही. त्याची बायको, लीलाधर, अठरा वर्षांत जिने मान वर केली नाही ती. मग तो चुडामणकडे वळून म्हणाला, अरे, सिनेमात तिनं माफ केलंय, तुम्ही पाह्यलं ना, मी दाखवलं ना तुम्हाले! चुडामण खाली मान घालून चुना मळत बसला.

सव्वा मूठ गव्हाचे किती रोट होतात? एक. तळहाताएवढा. रविवारी कानबाईपुढे तेवढा एक रोट होता. पोराला चार दात, मायने त्याच्या तोंडात कण घातला, उरलेला आम्हा बायकांना वाटला. लग्न झालेल्या लेकीला माहेरचा रोट चालत नाही म्हणून वहिनी मला द्यायला कचरली, तर माय म्हणाली, खा. मी खाल्ला. भाऊ ओट्यावर बसून होता. आत आला नाही. आज सकाळी कानबाई बोळवतानाही आला नाही.

तुला काय लिहू म्हणून मी तिला विचारलं. मी माझ्या मनाने चार गोड शब्द घालणार होते, खरं सांगते. राग माझाही थोडा उतरला होता. रुख्मा तोंड पाडून बसली होती. पण माय म्हणाली, तुह्या मनचं काही लिहू नको, मी सांगते तेच लिही, आणि लिहिलेलं मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. तेव्हा हे खालचं तिचं आहे, यात माझं एक अक्षर नाही :

"लिल्या, पोराची मूठ काढली. तुही नाही काढली. तुले वाटत असंल कुंदीनं कान भरले, तं तसं नाही. मले माफी मांगाले तू आला नाही. जीवराम बी आला नाही, तो तं एका घरात राह्यतो. तुम्ही दोघांनी एका परक्या बाईपासून माफी घेतली आन् मोकये झाले. मी आजून देल्ली नाही. देईन का नाही ते बी मले ठावूक नाही. तुले पाह्यजे असंल तं ये, माह्यासमोर बस, आन् वीट कोनी लावली ते तुह्या तोंडानं सांग. मंग पाहू. आन् एक ध्यानात ठेव. मी मेली की माह्या तोंडी काय घालाचं ते घाल, तवा मी आयकाले येनार नाही. आता मी जित्ती हाये. आता माह्यं तोंड माह्यं हाये."

मी तिच्यासमोर वाचून दाखवलं. ती बरोबर आहे म्हणाली, आणि खाली अंगठा लावला.

कुंदा